बोटीच्या किमतीची पदवी

लोर्नाच्या शिक्षणकर्जाचा शेवटचा हप्ता भरून झाला, त्या संध्याकाळी तिचा नवरा, रस, केक घेऊन आला. रस प्लंबर, कॉलेजची पायरीही न चढलेला. लग्न झाल्यापासून त्याचा एकच टोमणा: "बाईसाहेब, तुमच्या समाजशास्त्रात आपली बोट बुडाली!" खोटं काय होतं त्यात? अमेरिकेतल्या डुलुथ गावात सरोवराकाठी ज्याच्या त्याच्या दारात बोट उभी, आणि पदवी घेतलेली लोर्ना रंगाच्या दुकानात डब्यांतले रंग ढवळत होती.

"इतकी वर्षं फेडलंस. मिळालं काय गं त्यातून?"

लोर्नाला कॉलेजच्या पहिल्या वर्षातली एक दुपार आठवली. सरांनी अख्ख्या वर्गाला नाणी टाकून मशीनवर कपडे धुवायच्या दुकानात नुसतं बसवलं होतं. कोण कुणाशी बोलतं, कोण कुणाची नजर चुकवतं, बघा म्हणाले. तेव्हापासून तिला कुठल्याच रांगेत कंटाळा आला नव्हता. पण हे रसला सांगायचं कसं?

"चल, फुंकर मार आणि मनातलं माग," केकवरची मेणबत्ती पेटवत तो म्हणाला. "बोटच माग!"

तिने डोळे मिटले आणि मेणबत्ती विझवली.

"मागितलीस ना बोट?"

"नाही रे. कॉलेजचं पहिलं वर्ष परत मागितलं," लोर्ना म्हणाली. "कर्जासकट."