नियम म्हणजे नियम

खोटं वाटलं तर सोडून द्या. आमच्या काळप्रवासाच्या मालिकेत लेखकानं एक नियम घातला होता: भूतकाळात जाऊन जी बायको नवऱ्याला मरणातून वाचवेल, तिला तो कायमचा विसरेल.

"प्रेक्षक शिव्या घालतील. बिचारीला जरा सवलत दे की," मी म्हणालो.

"नियम म्हणजे नियम." बॅग खांद्याला लावून तो घरी निघाला, तोच फोन वाजला. "बघ, तुझी वहिनी," म्हणत त्यानं उचलला.

पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "आत्ता पुलावर जाऊ नकोस. पाया पडते तुझ्या."

"बरं बाई, थांबतो. पण रडतेस कशाला?"

खिडकीबाहेर समोरचा पूल धाडकन नदीत गेला.

मी त्याचा दंड धरला. "वहिनींनी वाचवलं रे तुला."

हातातल्या फोनकडे बघत त्यानं विचारलं, "कोण वहिनी?"