द्राक्षमळ्याची चिठ्ठी

“चहा मागाहून. आधी बसा, काका,” ती म्हणाली. पर्समधून तिने एक पिवळी पडलेली चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली.

शब्दकोशाच्या कचेरीतल्या निवृत्त तपासनिसांनी चष्मा चढवला. चिठ्ठीवर एकच इंग्रजी शब्द होता: व्हिनयार्ड, द्राक्षमळा. खाली तिच्या अक्षरात शब्दाचं मूळ: ‘फ्रेंचमधून जसाच्या तसा घेतलेला.’

अकरा वर्षांपूर्वी ती प्रयोगशाळा सोडून शब्दकोशाच्या कचेरीत नवी आली होती. जुने कोश न उघडताच तिने ही नोंद ठोकून दिली. कोश छापून आला आणि एका परीक्षकाने याच शब्दावरून कचेरीची अब्रू चव्हाट्यावर आणली. ‘व्हाइन’ म्हणजे वेल, तेवढा तुकडा फ्रेंचमधला, इतकंच खरं होतं. ‘यार्ड’ जुन्या इंग्रजीतलं. कुंपण घालून राखलेली जागा. असा सबंध शब्द फ्रेंचमध्ये नव्हताच.

कचेरीचा रिवाज असा, की लिहिणाऱ्याचं नाव फक्त चिठ्ठीवर असायचं. छपाईपूर्वीच्या मुद्रितावर सही तपासणाऱ्याची. परीक्षण आलं त्याच दुपारी तिने ही चिठ्ठी पर्समध्ये दडवली. मुख्य संपादकांनी सगळ्यांसमोर विचारलं, “कोणाचं हे काम?” तिने पर्स काखेत घट्ट धरली.

“सही माझी आहे,” तपासनीस म्हणाले.

महिन्याभरात त्यांना घरी बसवलं. पुढच्या आवृत्तीतून त्यांचं नाव गेलं. त्यांच्या खुर्चीवर ती बसली, आणि त्या खुर्चीत तिला कधी धड टेकता आलं नाही.

“उद्या मुख्य संपादकांना ही दाखवते,” ती म्हणाली. “नोकरी गेली तर जाऊ दे. नव्या आवृत्तीत तुमचं नाव परत यायला हवं.”

तपासनिसांनी चिठ्ठी तिच्याकडे सरकवली.

“दाखवू नकोस. तू लिहिलं होतंस हे मला तेव्हाही ठाऊक होतं.”

“मग बोलला का नाहीत? एवढा मोठेपणा कोण दाखवतं, काका?”

“मोठेपणा कसला डोंबलाचा.” त्यांनी चिठ्ठी पालथी घातली. “मुद्रित वाचताना चूक पहिल्याच नजरेत दिसली होती मला. म्हटलं, होऊ दे प्रयोगशाळेतल्या बाईंची छापील फजिती. आणि सही ठोकली.”