मोटर इमोशनल झाली

मामा आमचे फोरमन. त्यांच्या निरोप समारंभात साहेबांनी त्यांना कप भेट दिला. त्यावर छापलेलं वाक्य माइकवरून वाचलं, "मोटर इमोशनल झाली, हात काढा!" ऑफिसवाले पोट धरून हसले. आम्हा पत्रा दाबणाऱ्या प्रेसवरच्या कामगारांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोटर तापून थरथरली की मामा हेच ओरडायचे आणि आम्ही हात काढायचो. मामांनी कप टेबलावर आदळला, त्याचा कान तुटला. "मी कामावर लागलो तेव्हा मशीनवर शुद्ध इंग्रजी पाटी होती. अर्थ सांगायला कुणी नव्हतं, मी अंदाज बांधला," म्हणत त्यांनी तीन बोटांचा हात उंचावला. "तेव्हापासून इथे माझी इंग्रजी चालते. पोरांनो, हात दाखवा रे!" उठून आम्ही चाळीस जणांनी दोन्ही हात वर केले. "मोजा साहेब, चारशे बोटं. एक जरी कमी भरलं, तर खुशाल हसा."