बांधावरचा लावा

तणनाशक मारून मारून शिवारातले बांध उघडेबोडके झाले आणि गवतातले लावे पक्षी दिसेनासे झाले. सहादेवने तेवढं आपल्या बांधाचं गवत हट्टाने राखलं होतं, पण औंदा तिथंही लावा ओरडला नव्हता. म्हणून आज सकाळी माळाच्या अंगाने लाव्याचा आवाज आला, तसं त्याने खुरपं टाकलं आणि बायकोला हाक मारली.

"चांगुणे, ऐकलंस का? आला बघ!"

ती पळत आली. दोघं कान देऊन ऐकत राहिले. लावा काही थांबेना, जागाही सोडेना. इतका वेळ एका जागी बसून ओरडणारा लावा सहादेवने जन्मात पाहिला नव्हता. तो बुचकळ्यात पडला, तेवढ्यात माळावरून बाईची हाक आली, "आवं, च्या निवतुय की!"

आवाज चांगुणाचा होता. आणि चांगुणा तर शेजारी उभी होती, तोंड मिटून.

"तू बोल्लीस?"

"न्हाई वो! पन आवाज माजाच हाय..."

सहादेवला काही उमजेना. दोघं आवाजाच्या रोखाने धावले. झुडपांआड जाळं अंथरलेलं होतं. त्यात चार-दोन लावे फडफडत होते आणि मधोमध एक एवढासा स्पीकर ओरडत होता. आधी लावा, मग चांगुणा, पुन्हा लावा.

"आवं," चांगुणा हळूच म्हणाली, "ह्यो आवाज तर आपल्याच बांधावरचा. गेल्या थंडीत मोबाईलात धरून तुमीच गावच्या ग्रुपवर टाकला हुता."