वीस बाटल्या

विसातली एकही बाटली सापडेना.

डिझायनरने पुनर्वापराचं पिंप पुन्हा उपसलं, मग टाकाऊ मालाचा ढीगही. तिने आखलेल्या शाम्पूच्या वीस रिकाम्या बाटल्या सकाळी कचऱ्यात मिसळून कचरा निवडायच्या शेडमधल्या सरकत्या पट्ट्यावर सोडल्या होत्या. बाटली, झाकण, लेबल, सगळं एकाच जातीचं प्लास्टिक. कचरा निवडणाऱ्या बायकांनी त्या पुनर्वापराच्या पिंपात टाकल्या, तर साचा मंजूर. नाहीतर कंपनी जुनीच बाटली चालू ठेवणार. चिकट लेबलाची, झाकणात धातूची स्प्रिंग असलेली. ती नेहमी टाकाऊ ढिगातच जायची.

कंपनीचे साहेब नाकाला रुमाल लावून दाराशी उभे होते. चाचणीसाठी ही शेड त्यांनीच ठरवली होती. तिने दुसऱ्या दोन सुचवून पाहिल्या, पण कारण विचारल्यावर तिने विषय बदलला. सकाळपासून पट्ट्यावरच्या बायकांकडे तिने नीट पाहिलंही नव्हतं.

"बाटल्या मिळत नाहीयेत," ती म्हणाली आणि लगेच पस्तावली.

मुकादमाने पट्टा थांबवला. इथला माल घरी नेणाऱ्या बाईचं काम त्याच दिवशी सुटायचं. त्याने बायकांना पिशव्या उघडायला लावल्या. तिसरी पिशवी सगळ्यात वयस्कर बाईची होती. वीसच्या वीस बाटल्या त्या पिशवीत निघाल्या. पुसलेल्या, पदराच्या जुन्या तुकड्यात नीट गुंडाळलेल्या.

 

"उद्यापासून येऊ नकोस," मुकादम म्हणाला.

"थांबा," साहेब पुढे आले. "बाई, या पिंपात का नाही टाकल्या?"

"टाकणारच होते, साहेब. माल चोख आहे." बाईने एक बाटली उचलून लेबलाचं टोक ओढलं. ते सगळं एका ओढीत निघून आलं. "बाकीची सोलताना बोटं सोलून निघतात. ही बनवणाऱ्याने आमच्या हातांचा विचार केलाय. म्हणून टाकवेनात."

साहेबांनी स्वतः दुसरं लेबल ओढून पाहिलं. मग तिसरं. तिथल्या तिथे त्यांनी साचा मंजूर केला. डिझायनरने नुसती मान हलवली.

"कुणी बनवली, माहीत आहे का तुम्हाला?" साहेबांनी सहज विचारलं.

"नाही, साहेब. मला कसं माहीत असणार?" बाई जमिनीकडे बघत म्हणाली. मुकादम तिचं नाव खोडायला हजेरीची वही शोधत होता. बाईने पिशवी काखेत घेतली आणि कुणाकडे न बघता दाराकडे निघाली.

डिझायनर साहेबांना ओलांडून पुढे गेली आणि तिने बाईचा हात धरला.

"आई, खोटं कशाला बोलतेस?"