गळती

आत्याच्या पोटात काही राहत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. हृदयाची झडप बदलून वर्ष झाल्यावरच्या इको तपासणीला भाचा तिला घेऊन आला, तर छातीवर जेल लावून होईपर्यंत त्याची मोडलेली सोयरीक टेक्निशियन बाईंना तोंडपाठ झाली होती.

तपासणी झाल्यावर डॉक्टरबाईंनी त्याला बाजूला घेतलं. "नव्या झडपेच्या कडेने रक्त मागे गळतंय, आणि ती गळती वाढलीय. पुन्हा ऑपरेशन लागेल. आता घरच्यांना कळायलाच हवं."

पडद्यामागे आत्या ब्लाउजची बटणं लावता लावता धाकट्या जावेचं भांडण रंगवून सांगत होती.

"तिला एवढ्यात काही बोलू नका," तो हळूच म्हणाला. "पुढच्या आठवड्यात तिच्या मुलीचं लग्न आहे. आत्याला कळलं, की संध्याकाळपर्यंत गावभर होईल."

डॉक्टरबाईंनी फाइल मिटली.



"अहो, त्यांना सहा महिन्यांपूर्वीच सांगितलंय. तेव्हा मलाच म्हणाल्या, 'घरी कुणाला बोलू नका हं डॉक्टर, आमच्याकडे एकाच्याही पोटात काही राहत नाही.'"