जामवरचं सांजेचं ऊन

"गुरुजी, हे कोणी खरं मानत नाही," शाळेच्या भिंतीवर नदी रंगवायचं काम मलाच मिळावं म्हणून मी आमच्या ओसरीवर बसलेल्या हेडमास्तर केशवरावांना सांगू लागलो. "चौऱ्याऐंशीत सौंसरच्या प्रदर्शनात मी जाम नदीचं चित्र लावलं होतं. सांजेचं ऊन पाण्यावर असं उतरवलं का बोरगावच्या दोन बायांले माहेर आठवून रडू आलं. अन् परीक्षक? चित्राजवळ येताच धोतर गुडघ्यापर्यंत उचलून टुणकन मागं सरले!"

केशवराव भारावले. भिंतीचं माप सांगणार, तेवढ्यात आतून माझी बायको वत्सला ओरडली, "उचलतीन नाही त काय करतीन? त्याईच्या पायावर रंगाच्या पाण्याचा डबा तुमीच त सांडला होता!"